कांद्याची पट्टी रद्दीत घालू नका

सातबारा सगळेच जपतात, आणि त्याची नक्कल सरकारदरबारी मिळतेच. आडत्याची, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाची, जुनी हिशेबपट्टी मात्र गेली की गेली. लासलगावसारख्या बाजारगावात कांद्याचं वजन, भाव, कापलेली हमाली-तोलाई आणि हातात पडलेली रक्कम असं सगळं त्या चिटोऱ्यावर असतं. गंजलेली टाचणी हळूच काढा. लॅमिनेशन अजिबात नको, ते परत सुटत नाही. सपाट ठेवून 600 डीपीआयला (स्कॅनच्या बारकाईचं माप) स्कॅन करा, मागची बाजूसुद्धा. उधारीचे आकडे बहुधा तिथेच सापडतात! घरचे जुने फोटोही असेच जपा: पोळ्याच्या फोटोमागे कडेला मऊ पेन्सिलीने नावं लिहा, बैलांचीही. वजनकाट्याची थर्मल (शाईऐवजी उष्णतेने छापलेली) पावती असेल तर तिची झेरॉक्स आजच काढा. तिची अक्षरं लवकर उडतात.