इनिट फेल झालं तर एक्झिट चालत नाही, हे कळायला मला नऊ दिवस लागले

हे लिनक्स कर्नल मॉड्यूलबद्दल आहे: इनिट म्हणजे मॉड्यूल लोड होताना चालणारं फंक्शन, एक्झिट म्हणजे ते काढताना चालणारं. मेकफाइल (बिल्ड करणं), इन्समॉड (मॉड्यूल लोड करणं), डीमेसेज (कर्नलचा लॉग बघणं) एवढं तुम्हाला येतंय असं धरून लिहितेय. हिंजवडीत ट्रेनी म्हणून लागले तेव्हा मलाही तेवढंच येत होतं आणि पहिल्याच ड्रायव्हरने मला अक्षरशः रडवलं.

इनिटमध्ये मी आधी ५ सेकंदांचा टायमर लावला, मग इंटरप्ट (हार्डवेअरकडून प्रोसेसरला येणारा इशारा) मागितला. ती लाइन दुसऱ्या ड्रायव्हरकडे होती, इंटरप्ट मागणाऱ्या रिक्वेस्ट आयआरक्यू फंक्शनने वजा १६ दिलं, म्हणजे ईबिझी हा एरर, मी तेच रिटर्न केलं आणि इन्समॉडने 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' दाखवलं. मला वाटलं, लोडच झालं नाही तर बिघडणार काय? पाणी प्यायला उठले, परत येते तर मशीन ठप्प. रीबूट केल्यावर लॉगमध्ये काहीच नाही. मग रॅम बदलली, कर्नल बदलला, कर्वेनगरच्या रूमवर रात्री दोनपर्यंत जागून सगळी सिस्टीम नव्याने टाकली, तरी तेच.

आता नीट वाचा. इनिटने एरर दिला की कर्नल तुमचं एक्झिट फंक्शन बोलवत नाही. कधीच नाही. मॉड्यूलची मेमरी मात्र सोडून देतो. टायमर थांबवणारा माझा डेल टायमर सिंक एक्झिटमध्ये होता, तो चाललाच नाही, टायमर कर्नलच्या यादीत तसाच राहिला, ५ सेकंदांनी कर्नल त्याच्या कॉलबॅकच्या (टायमर संपला की चालणाऱ्या माझ्या फंक्शनच्या) पत्त्यावर गेला आणि तिथे आता काहीच नव्हतं. टायमर सॉफ्ट-आयआरक्यूमध्ये (इंटरप्टच्या मागोमाग कर्नल जे काम उरकतो त्यात) चालतो, म्हणून साधा ऊप्स (कर्नल चूक नोंदवून पुढे चालतो तो) न होता थेट पॅनिक झाला, म्हणजे कर्नल पूर्ण थांबला, लॉग डिस्कवर जायला वेळच मिळाला नाही. स्क्रीनवर पॅनिकचा जो तुकडा उरे त्यातल्या 'मॉड्यूल्स लिंक्ड इन'च्या (लोड असलेल्या मॉड्यूल्सच्या) ओळीत माझ्या मॉड्यूलचं नावही नव्हतं, कारण ते केव्हाच काढून टाकलेलं. म्हणून नऊ दिवस मी दुसरीकडेच शोधत बसले.

सुटलं ते सिरीयल कन्सोलमुळे, म्हणजे कर्नलचे मेसेज केबलवरून दुसऱ्या मशीनवर घेतल्यामुळे. पुण्याच्या तपकीर गल्लीतून यूएसबी-टीटीएल केबल आणली, बोर्डाला जोडली आणि पॅनिकचा पूर्ण मजकूर पहिल्यांदा दिसला. ट्रेसमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्या यादीत) टायमरचे कॉलबॅक चालवणारं 'कॉल टायमर एफएन' होतं आणि ज्या पत्त्यावर उडी मारली होती त्याच्यासमोर फंक्शनचं नावच नव्हतं, नुसता आकडा. असं दिसलं तर आधी फेल झालेल्या किंवा काढलेल्या मॉड्यूलवर संशय घ्या. बोर्ड नसेल तर क्यूएमू या व्हर्च्युअल मशीनमध्ये कन्सोल सिरीयलवर घ्या, लॅपटॉप तरी वाचतो. आणि त्या मजकुरात 'टेंटेड'पुढे जी अक्षरं (कर्नलमधल्या आधीच्या गडबडीच्या खुणा) असतात त्यांत डी असेल तर कर्नल त्याआधीच एकदा ऊप्स होऊन गेलाय, तुम्ही दुसरा ऊप्स वाचताय, वर जाऊन पहिला शोधा.

माझं मत स्पष्ट आहे, तयार पॅच देणाऱ्या सीनियरपेक्षा 'पहिला ऊप्स दाखव' म्हणणारा सीनियर धरा. मला तसे एक सर भेटले, त्यांनी उत्तर दिलं नाही, फक्त विचारलं, "इनिट फेल झाल्यावर टायमर कोण थांबवतं?" मी गप्प झाले, आणि तिथेच उत्तर सापडलं. कुठून तरी कोड उचलून चिकटवू नका, त्यात एरर पाथ (चूक झाल्यावर आवराआवर करणारा कोड) बहुतेक वेळा अर्धवटच असतो.

दुरुस्ती छोटी आहे. कॉलेजात गोटू (कोडमध्ये थेट दुसऱ्या ओळीवर उडी) वाईट असं शिकवतात, कर्नलमध्ये एरर पाथला गोटूच वापरतात: जे ज्या क्रमाने घेतलं ते उलट्या क्रमाने सोडायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टायमर, इंटरप्ट, डिव्हाइस नोड (प्रोग्रॅम जी उघडून ड्रायव्हरशी बोलतात ती फाइल), ज्यातून कोणीतरी तुमच्या कोडमध्ये शिरू शकतं, ते सगळं तयारी झाल्यावर शेवटी चालू करा. मी टायमर सगळ्यात खाली नेला. प्रोबमध्ये (ड्रायव्हरला डिव्हाइस मिळाल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) डेव्हएम वाली, म्हणजे डिव्हाइसला बांधलेली फंक्शन्स बरंच आपोआप सोडतात, पण साध्या इनिटमध्ये त्यांच्या भरवशावर राहू नका. आता मी इनिटच्या प्रत्येक पायरीवर मुद्दाम वजा १२ (मेमरी नाही हा एरर) रिटर्न करून बघते, एक मिनिट थांबते, परत लोड करते. कंटाळवाणं आहे, पण करा.

आणि इनिटच्या आतच ऊप्स झाला तर मॉड्यूल लोडिंगमध्ये अडकतं, एलएसमॉडच्या यादीत दिसतं पण मॉड्यूल काढणारं आरएममॉड 'इन यूज' म्हणून नकार देतं. ते काढण्यात तुमचं काही चुकत नाहीये, जबरदस्ती करू नका, लॉग कॉपी करा आणि सरळ रीबूट करा.