गटचर्चेत मला बोलायला जागा कशी मिळाली

दोन ठिकाणी निवडीच्या वेळी मी गटचर्चेतच बाद झाले, मुलाखतीपर्यंत पोचलेच नाही. मुद्दे तयार असायचे, पण नऊ-दहा जणांच्या गलक्यात शिरायलाच जमायचं नाही.

मग आम्ही चार मैत्रिणींनी सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठावर रोज संध्याकाळी सराव सुरू केला. चिठ्ठी काढून विषय घ्यायचा, मोबाइलवर १५ मिनिटं लावायची आणि सगळं रेकॉर्ड करायचं. रेकॉर्डिंगचा हट्ट मी धरला, आणि तोच सगळ्यात उपयोगी पडला. ऐकल्यावर कळलं, "म्हणजे मला असं वाटतं की..." एवढं मी म्हणेपर्यंत दुसरीचं सुरू झालेलं असायचं. ते शब्द मी तोडले. आधी मुद्दा, मग कारण.

दुसरं, समोरचीचं वाक्य धरून आत शिरायला शिकले. 'यंत्रमाग टिकतील का' यावर एक जण म्हणाली, मागणीच उरली नाही. मी लगेच म्हटलं, "मागणी घटलीय हे खरं, पण सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव फक्त इथल्याच चादरीला लावता येतं. त्या नावाचा फायदा माग चालवणाऱ्यापर्यंत कसा पोचवायचा, ते बोलूया." माझे वडील मागावरच काम करतात, त्यामुळे हे बोलताना आवाज आपोआप ठाम झाला.

गेल्या महिन्यात पुण्याला खऱ्या गटचर्चेत विषय होता घरून काम. पहिली मी नव्हते, तिसरी बोलले. कोपऱ्यातला एक मुलगा गप्प होता, त्याला विचारलं, "तुमचं मत राहिलंय." शेवटी दोन्ही बाजू चार वाक्यांत मांडल्या. संध्याकाळी मुलाखतीच्या यादीत माझं नाव होतं.