पावसाळ्यात बदक आजारी पडले तर औषधाआधी कोरडी जागा

लावणी आटोपली की कोकणात परड्यातली बदके दिवसभर बांधावर आणि शेताच्या पाण्यात चरतात. गोगलगायी, गांडुळे, किडे, कोवळे गवत असे भरपूर खाद्य त्यांना आयते मिळते. त्यामुळे पावसाळा हा बदकांचाच हंगाम, त्यांना काय होणार, असे बहुतेक घरांत मानले जाते. निरोगी बदकापुरते ते खरे आहे, आजारी बदकाचे मात्र अगदी उलटे होते. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. तिथले तेल चोचीने पिसांवर फिरवले जाते, म्हणून पाणी कातडीपर्यंत जात नाही. बदक आजारी पडले की पिसे साफ करण्याचे हे काम आधी थांबते. मग पिसे भिजतात, अंग गारठते आणि मूळ दुखणे साधे असले तरी बदक थंडीने दगावते. आजारी बदकाला ‘पाण्यातला पक्षी आहे, पाण्यात बरे वाटेल’ म्हणून तळ्यात सोडू नका, एवढी एक गोष्ट पाळली तरी बरीच बदके वाचतील.

आजार लवकर ओळखणे अवघड असते, कारण कळपातले बदक होईल तितके दुखणे लपवते. सकाळी खुराडे उघडताना दोन मिनिटे नुसते उभे राहा. सगळ्यांत शेवटी कोण बाहेर येते, कोण खाण्याकडे धावत नाही, कोण डोळे अर्धवट मिटून एका जागी बसते, ते बघा. शंका आली तर बदक उचलून छातीचे मधले हाड चाचपा. दोन्ही बाजूंचे मांस बसून हाड धारदार लागत असेल, तर दुखणे आजचे नाही. पंखाखाली हात घाला. बदकाच्या अंगाचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते, त्यामुळे तिथे आपल्या तळहाताला चांगले गरम लागायला हवे. पातळ हिरवी शीट बहुधा पोट रिकामे असल्याची खूण असते. शिटेत रक्त दिसले तर मात्र थांबू नका, लगेच पशुवैद्यकांना कळवा. भादव्याच्या सुमारास पिसे गळून बदक बावळे दिसते, नराचा रंगही फिका पडतो, अंडी थांबतात. खाणे-पिणे नीट असेल तर तो आजार नाही.

उचलताना पाय किंवा पंख धरू नका. बदकाचे पाय कोंबडीपेक्षा नाजूक असतात आणि तसे लोंबकळत नेल्यावर आलेला लंगडेपणा अनेकदा रोग समजला जातो. दोन्ही हातांनी पंखांवरून अंग धरा, मग एक हात पोटाखाली घ्या.

आता जागा. पडवीत किंवा मांगरात, वारा आणि झड लागणार नाही अशा कोपऱ्यात मोठे खोके किंवा टोपली ठेवा. खाली जुने सुती कापड किंवा पोती घाला, वर कोरडा पेंढा. वास येणारा, दमट पेंढा किंवा तूस नको, त्यातली बुरशी श्वासावाटे फुफ्फुसात जाते आणि पिल्ले तर त्याने पटापट मरतात. भिजलेले बदक आधी टॉवेलने टिपून कोरडे करा. उबेसाठी साधा ४० किंवा ६० वॅटचा बल्ब खोक्याच्या एकाच टोकाला लावा, म्हणजे जास्त गरम झाले तर बदकाला दुसऱ्या टोकाला सरकता येते. तोंड उघडून धापा टाकत असेल तर बल्ब लांब करा. पावसात वीज जाणारच, तेव्हा गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. अंथरूण दिवसातून दोनदा बदला. बदकाला एकटेपणा सोसत नाही, म्हणून बाकीच्यांचा आवाज ऐकू येईल अशी जागा निवडा, पण भांडी वेगळीच ठेवा. आधी निरोगी कळपाचे काम उरका, मग आजाऱ्याकडे जा आणि नंतर हात साबणाने धुवा.

पिण्याचे भांडे अरुंद पण चोच नाकपुड्यांसकट बुडेल इतके खोल हवे. नाकपुड्या आणि डोळे धुता आले नाहीत की बदकाचे डोळे चिकटतात. दोन-तीन तास गुळाचे पातळ पाणी ठेवायला हरकत नाही, मग साधे स्वच्छ पाणी. कुक्कुटपालनाच्या औषधांच्या दुकानात मिळणारी क्षारांची पूड पाकिटावरच्या प्रमाणात वापरता येते. बदक स्वतः पीत नसेल तर चोचीच्या कडेला ड्रॉपरने एकेक थेंब लावा, ते गिळेपर्यंत थांबा. चोच उघडून घशात पाणी ओतू नका. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते आणि ओतलेले पाणी सरळ फुफ्फुसात जाते. खाण्याला मऊ भात, उकडलेले अंडे कुस्करून, बारीक चिरलेला पाला, भिजवलेला कोंडा द्या. पाव आणि फरसाण नको.

पाय ओढणारे बदक पावसात सर्वांत जास्त दिसते. आधी तळपाय उलटून बघा. काळी खपली आणि सूज असेल तर ओल्या-खडबडीत जमिनीवर झालेल्या जखमेत पू झालेला असतो. कोमट मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे पाय ठेवा, कोरडा करा, पोव्हिडोन आयोडीन लावून स्वच्छ पट्टी बांधा. खपली कोरून आतला गोळा काढायचा उद्योग घरी करू नका. पिल्लाचे पाय वाकडे होत असतील, ते गुडघ्यांवर बसत असेल, तर बहुधा नियासिन कमी पडले आहे. बदकाच्या पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा हे जीवनसत्त्व बरेच जास्त लागते, त्यामुळे नुसत्या तांदळाच्या कण्यांवर किंवा कोंबडीच्या खाद्यावर वाढवलेल्या पिल्लांत हे दिसते. पक्ष्यांसाठीचे बी-कॉम्प्लेक्स घेताना त्यात नियासिन आहे हे वाचून घ्या, सोबत शिजवलेली मासळी द्या. लवकर सुरू केले तर पाय सुधारतात, वाकून घट्ट झाल्यावर नाही. कोंबडीच्या पिल्लांचे औषध मिसळलेले खाद्य पशुवैद्यकांना विचारल्याशिवाय देऊ नका.

मान टाकलेले बदक ही तातडीची बाब आहे. साचलेल्या, कुजक्या पाण्यात मेलेला उंदीर किंवा मासा पडला की त्यात विष तयार होते, त्यावरच्या अळ्या खाल्ल्या तरी ते बदकात जाते. आधी पाय लुळे पडतात, मग पंख, मग मान. असे बदक पाण्यात ठेवले तर बुडून मरते. डोके उंच राहील असे टेकवून कोरड्यात ठेवा, बाकीच्यांना त्या डबक्यापासून लगेच तोडा. शेतात उंदीर-खेकड्यांसाठी आमिष टाकले असेल किंवा दाणेदार कीटकनाशक मारले असेल तर तेही पशुवैद्यकांना सांगा. शेजाऱ्याने मारले असेल तर त्याच्याकडून औषधाचे नाव विचारून घ्या, उपचार त्यावर ठरतो.

पावसाळी दमटपणात पेंड आणि मक्याला बुरशी धरते. तिचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत बिघडवते आणि पाळीव पक्ष्यांत बदक त्याला फार हळवे आहे. इंग्लंडमध्ये १९६० साली हजारो टर्की मेल्या तेव्हा मूळ सापडले ते बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीत, आणि बदकाची पिल्लेही त्यातून सुटली नव्हती. उन्हात वाळवून किंवा भाजून हे विष पुरते जात नाही. बुरशीचे खाद्य फेका, गुरांनाही घालू नका.

मादी शेपटी हलवत जोर करत असेल, अंडे येत नसेल, तर कोमट पाण्याच्या टपात वीस मिनिटे बसवा, कोरडी करून उबेत अंधारात ठेवा. पोट दाबू नका, आत अंडे फुटले तर जीव जातो. त्या दिवसात अंडे आले नाही तर दवाखाना गाठा. पुढच्यासाठी शिंपल्यांची भरड वेगळ्या भांड्यात कायम ठेवा.

एकाच वेळी दोन-तीन बदके आजारी पडली किंवा अचानक मेली, तर घरगुती उपचार तिथेच थांबवा. तो डक प्लेग हा बदकांचा विषाणूजन्य रोग असू शकतो, पक्ष्यांचा कॉलरा असू शकतो, बर्ड फ्लूही असू शकतो. राज्यात २००६ साली नवापूरला आणि २०२१ साली परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लूने काय झाले ते कुक्कुटपालक विसरलेले नाहीत, आणि बदक स्वतः ठणठणीत दिसत असतानाही तो विषाणू वाहू शकते. मेलेले पक्षी उघड्या हाताने उचलू नका, कापू नका, ओढ्यात टाकू नका, खाऊ नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. कोंबड्यांना राणीखेत या त्यांच्या रोगावर दिलेल्या लशीने डक प्लेग टळत नाही. त्याची लस वेगळी आहे आणि ती साधारण ८ ते १२ आठवड्यांच्या वयात देतात, तेव्हा चौकशी आधीच करून ठेवा.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या किंवा घरात उरलेली प्रतिजैविके बदकाला देऊ नका. पशुवैद्यकांकडे नेताना बदकाचे वजन, शीट कधीपासून बदलली आणि खाण्यात काय होते हे कागदावर लिहून न्या. बदक स्वतः खाऊ लागले, पिसे साफ करू लागले आणि दोन रात्री बल्बाशिवाय नीट राहिले, की उघडीप असलेल्या दिवशी थोडा वेळ टपातल्या पाण्यात सोडा. पाणी पिसांवरून ओघळून गेले तरच कळपात मिसळा. औषध चालू असताना आणि नंतर पशुवैद्यक सांगतील तितके दिवस त्याची अंडी खाऊ नका आणि विकूही नका.