छताचा रंग शेडकार्डवरून ठरवू नका

शेडकार्डवर, म्हणजे कंपनीच्या रंगछटांच्या नमुनापत्रकावर, फिका दिसणारा रंग छताला लागला की हमखास गडद वाटतो. छताला थेट उजेड फारसा मिळत नाही. बहुतेक फरशीवरून आणि भिंतींवरून परतलेलाच मिळतो. लाल किंवा तपकिरी फरशी असेल तर पांढऱ्या छतावरही तिची झाक उतरते.

१. आवडलेली छटा आणि तिच्याहून दोन घरं फिकी छटा, दोन्हींचे सर्वांत लहान डबे आणा.
२. दोन फूट लांबीरुंदीच्या पांढऱ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात द्या. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नको, ओला रंग फसवतो.
३. पुठ्ठे छताला चिकटपट्टीने लावा: एक खिडकीजवळ, एक आतल्या कोपऱ्यात. मग जागा बदलून पाहा.
४. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून खालून बघा. पिवळ्या दिव्यात निळसर पांढरा मळकट दिसतो. तिथे किंचित पिवळसर पांढरा बरा.

खोली साडेनऊ फुटांपेक्षा बुटकी असेल तर छत भिंतींपेक्षा फिकंच ठेवा. फिनिश मात्र मॅटच, म्हणजे बिनचकाकीचं, घ्या, यात तडजोड नको. चकचकीत रंगात पुट्टीचा प्रत्येक उंचवटा आणि रोलरचा जोड तिरप्या उजेडात उठून दिसतो.

स्लॅबला ओल असेल तर आधी गळती थांबवा आणि छत पूर्ण सुकू द्या. ओलीवर कोणताही रंग पोपडे धरतो.