पुण्यात शिकायला आलात? खोली, खाणावळ आणि आवक क्रमांक

लातूर, गडचिरोली, नंदुरबारहून आलेल्या पोरापोरींना पुण्यात परकं वाटतं ते बहुधा वर्गाबाहेर: खोली शोधताना, चारचौघांत तोंड उघडताना, कार्यालयाच्या खिडकीपुढे. आधी येऊन इथलेच झालेल्यांनी हे नव्यांना सांगायलाच हवं.

घरून निघतानाच उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र बरोबर घ्या. इथे बसून तहसीलची कामं करणं जड जातं. दुसरं काम बँकेतलं. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरची शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. शाळेत असताना गावाकडे उघडलेलं, आता बंद पडलेलं खातं अजून जोडलेलं असेल तर पैसे तिथेच अडकतात. 'माझं आधार कोणत्या खात्याला जोडलंय?' हे बँकेत विचारा आणि अर्ज भरण्याआधी बदलून घ्या. अर्ज भरला म्हणजे काम झालं असं नाही. तो कॉलेजच्या लॉगिनवर पडून राहतो किंवा त्रुटी काढून परत येतो. दर आठवड्याला स्थिती बघा.

सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे. मात्र हे पैसे उशिरा येतात. त्यांच्या भरवशावर खोलीचं डिपॉझिट ठरवू नका, पहिल्या काही महिन्यांची सोय वेगळी ठेवा.

खोलीसाठी फोन केला की भाड्याच्या आधी आडनाव विचारलं जाईल. हे चूक आहे आणि यात तुमचा काडीचाही दोष नाही. तरी आडनाव बदलून सांगू नका. भाडेकरार आधार कार्डावर होतो, पोलीस पडताळणी होते. खोटं उघडं पडतं आणि तोवर डिपॉझिट घरमालकाकडे गेलेलं असतं. खासगी मालकाचा नकार सिद्ध करणं अवघड, त्यामुळे त्याच्यामागे महिना घालवू नका. आपल्या विभागातल्या सीनिअरांना विचारा. कॉट बेसिसवरच्या (सामायिक खोलीत एका खाटेपुरत्या) चांगल्या जागा पाटीवर येण्याआधी तोंडोतोंडी जातात. टोकन, म्हणजे जागा धरून ठेवायची आगाऊ रक्कम, रोख देऊ नका, यूपीआयने द्या आणि खोलीचा पत्ता संदेशात लिहा. मांसाहार चालतो का, पाहुणा आला तर काय, हे टोकनआधीच विचारा.

खाणावळीत महिन्याचे पैसे भरण्याआधी खाड्यांचा हिशोब विचारा: सलग किती दिवस जेवायला आला नाहीत तर पैसे वजा होतात? रविवारी संध्याकाळी बऱ्याच खाणावळी बंद असतात, पहिल्याच आठवड्यात उपाशी झोपू नका.

आता बोली. 'करून राहिलो', 'काय करायलास' म्हणालात की कुणीतरी हसेल, 'ण'चा 'न' झाला की दोनदा म्हणून दाखवील. तोंड मिटू नका. सेमिनारमध्ये तुमच्याच भाषेत प्रश्न विचारा. प्रमाण मराठी लेखनात लागते, ती लिहून लिहून येते. आणि हे लक्षात ठेवा: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. जात, धर्म, लिंग, लैंगिक कल यांच्याबरोबर भाषा, प्रदेश, जन्मस्थळ आणि आर्थिक स्थिती यांवरून केलेला छळही आता रॅगिंग ठरतो. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास.

४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर गरजेनुसार लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मागता येतो. तीन तासांच्या पेपरला पूर्ण तास. परीक्षेच्या सकाळी मागितला की गोंधळ होतो. अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच द्या.

तक्रार करायची वेळ आली तर दार ओळखा. जातीवरून भेदभाव झाला तर समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी. यूजीसीच्या २०१२ च्या नियमांत हे पद आहे. लैंगिक छळासाठी अंतर्गत समिती. तिथे तक्रारीची मुदत तीन महिने, चौकशीची ९० दिवस, आणि मुलगे व तृतीयपंथी विद्यार्थीही तक्रार करू शकतात. ॲट्रॉसिटीचा, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा असेल तर थेट पोलीस ठाणं. कॉलेजची चौकशी संपेपर्यंत थांबायची अट नाही.

तोंडी सांगितलेलं हवेत विरतं. बहुतेक तक्रारी इथेच मरतात. एका पानावर लिहा: तारीख, वेळ, जागा, कोण काय बोललं ते त्याच्याच शब्दांत, आणि तेव्हा जवळ कोण होतं. 'मला फार वाईट वागणूक मिळते' एवढंच लिहिलं तर चौकशीत हाती काही लागत नाही. दोन प्रती न्या. आवक-जावक खिडकीवर एक द्या आणि दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक (आलेल्या कागदाचा नोंदवहीतला नंबर), तारीख, सही घ्या. 'साहेब आल्यावर या' म्हणाले तर तिथूनच मजकुराचा फोटो कुलसचिवांच्या किंवा प्राचार्यांच्या ईमेलवर पाठवा आणि त्याच दिवशी पोचपावतीसह टपालाने टाका. बरोबर एक मित्र किंवा मैत्रीण न्या, एकट्याने जाऊ नका. पुढच्या खेपेला आधी आवक क्रमांक सांगा, मग काय झालं ते विचारा.