बी फ्लॅट काही केल्या बदलेना

पंचवटीतल्या आमच्या भावगीतांच्या ग्रुपसाठी म्यूझस्कोर या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये सूर लिहीत होतो. पेटीची पांढरी एक म्हणजे सा, त्यामुळे कोमल नी म्हणजे बी फ्लॅट. गाणाऱ्या ताईंसाठी पट्टी काळी चार केली. सूर हलले, कॉर्ड (साथीला एकत्र वाजवायच्या सुरांची नावं) जागच्या जागी! चूक माझीच. कॉर्ड मी साध्या मजकुरासारख्या टाइप केल्या होत्या.

कॉर्ड लिहायला सूर निवडून कंट्रोल-के दाबायचं, मग कॅपिटल बी आणि लगेच स्मॉल बी. फ्लॅटचं चिन्ह आपोआप उमटतं. शार्पला हॅश. स्पेस दाबलं की पुढची मात्रा. (कीबोर्ड मराठीवर राहिला तर भलतंच उमटतं, अर्धा तास त्यातच गेला.)

सूर अर्ध्या स्वराने सरकवायला वर-खाली बाणाची बटणं. त्याच सुराला शार्पऐवजी फ्लॅट लिहायचं असेल तर ‘J’ दाबायचं.