गरम झाली की रुसणारी गाडी
आमची जुनी कार्बोरेटरवाली गाडी, सकाळी एका सेल्फात चालू, पण बीडहून निघून मांजरसुंब्याला चहाला थांबलं की नुसतं घर्रघर्र, अर्धा तास बॉनेट उघडं ठेवलं की जणू काही झालंच नाही. मिस्त्री म्हणला उन्हानं पेट्रोलची वाफ होतीय, गाडीतला पेट्रोल ओढणारा पंप बदला. बदलला, पैसे गेले. शेवटी गरम असतानाच जादाचा ठिणगी पाडणारा प्लग त्याच्या वायरीला लावून इंजिनाला टेकवला, पोराला सेल्फ मारायला लावला, ठिणगीच नाही! म्हणजे पेट्रोलचा संबंधच नव्हता राव. प्लगला ठिणगीचा करंट देणाऱ्या कॉइलला हात लावला तर चटका. चावी बंद करून तिच्यावर ओली दस्ती ठेवली, दहा मिनिटांनी परत बघतो तर टकाटक निळी ठिणगी. आतली तार तापली की सुटायची अन् गार झाली की जुळायची. नवी कॉइल टाकली, परवा भर उन्हात लातूरला जाऊन आलो.